शनिवारचं लेकरू

दर शुक्रवारी संध्याकाळी मला ताप चढायचा आणि रविवारी दुपारी पाहुण्यांच्या गाड्या फाटकाबाहेर पडल्या की उतरायचा. कधी तापाऐवजी गोवर असायचा, कधी दात येत असायचे. चौदा वर्षांची घोडी झाले तरी मला दात येतच होते. हे सगळं आई ठरवायची आणि पाहुण्यांना सांगायची. मला ते खोलीच्या झरोक्यातून ऐकून कळायचं.

आधी बंगल्याचं सांगते. लोणावळ्यातून भुशी धरणाकडे जाताना आत वळलं की तो लागतो. नाव ‘मिस्टी मेडोज’. धुकं पावसाळ्यात असतं, पण मेडोज, म्हणजे कुरणं, कुठे आहेत ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. मालक मुंबईचे शेठ, वर्षातून एकदा येतात. बाकी शुक्रवार ते रविवार बंगला भाड्याने जातो. पोहायचा तलाव, हिरवळ, गच्चीवर कानठळ्या बसवणारे स्पीकर आणि ‘चुलीवरचं गावरान जेवण’. त्या जाहिरातीत चुलीपुढे पाठमोरी बसलेली बाई आहे ना, ती माझी आई, सविता. फाटकाशी सलाम करतायत ते माझे पप्पा, कैलास. मी त्या फोटोंत कुठेच नाही. या बंगल्यात एक वाढत्या वयाची मुलगी राहते हे कुणाला कळूच नये, अशी सगळी व्यवस्था होती.

आम्ही मूळचे टाकवे बुद्रुकचे. तिथे आमची भाताची थोडी खाचरं आहेत, ती अमृतकाका करतो. दोन घरांना ती पुरत नाहीत म्हणून मी तिसरीत असताना पप्पांनी ही नोकरी धरली. लहान होते तोवर मी पाहुण्यांच्या पोरांत मिसळून हिरवळीवर फिरायचे, त्यांचे चिप्स खायचे, मजेत होते. पाचवीत असताना एका पाहुण्याने मला हाताला धरून स्पीकरपुढे नाचायला उभं केलं आणि मोबाईल काढला. आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठली आणि मला ओढतच मागे घेऊन गेली. त्या दिवसापासून कुलूप.

आमची खोली बंगल्याच्या मागे आहे. ती मुळात पंप आणि गॅसच्या टाक्या ठेवायला बांधलेली. सामानाला आतून दार कशाला लावायचं असतं? म्हणून तिला कडी फक्त बाहेरून. आतून एक कडी बसवा, असं आई पप्पांना किती वर्षं सांगत होती. पप्पा म्हणायचे, “शेठला इचारून बसवू. त्येंच्या दाराला भोक पाडायचं म्हंजी इचारल्याबिगर कसं?” शेठला विचारायचं धाडस पप्पांना कधी झालं नाही. माझे पप्पा वाईट नाहीत. पण देवाने त्यांना कणा देताना शेठची परवानगी घ्यायची ठेवली असावी, असं मला रागात वाटायचं.

तर शुक्रवारी मी शाळेतून आले की जेवायचं, पाण्याचा तांब्या भरून घ्यायचा आणि आत बसायचं. बाहेरून आई कडी घालून कुलूप लावायची. पाहुण्यांनी विचारलंच तर तिचं उत्तर तयार असायचं, “बारकं लेकरू हाय साहेब. तलावात पडंल म्हनून कोंडून ठेवते.” तलाव समोर दिसत असल्यावर हे कुणालाही पटतं. पाहुण्यांतल्या बायका तर हळहळायच्या. एकीने बंगल्याला पाच तारे देताना खाली माझ्या तब्येतीसाठी प्रार्थनासुद्धा लिहिली होती.

आत मला दुसरा उद्योगच नव्हता, म्हणून मी अभ्यास करायचे. वर्गात माझा पहिला नंबर कसा येतो याचं सगळ्यांना कौतुक होतं. मी म्हणते, कुणालाही दर आठवड्याला दोन दिवस गॅसच्या टाकीशेजारी कोंडून बघा, नंबर येईल.

बाहेर अंधार पडायच्या सुमाराला आवाज बदलायचे. जेवणं अजून व्हायची असायची, पण ग्लास भरलेले असायचे. मग कुणीतरी पप्पांना बर्फाला नाहीतर कोळशाला बाजारात पिटाळायचं. शनिवारी आमच्या रस्त्यावर गाड्यांची एवढी रांग लागते, की स्कूटर गेली ती गेलीच. पप्पा गेले की थोड्या वेळाने झरोक्यातून आईचा आवाज यायचा, “लेकरू तापलंय साहेब, बघून येते.” ती यायची, पप्पांची स्कूटर वाजेपर्यंत माझ्याजवळ बसून राहायची आणि मग परत कामाला जायची. मी वैतागायचे. मी इथे समीकरणं सोडवतेय आणि बाहेर मला गोवर! कोंडायचं ते कोंडायचं, वर माझी अशी बदनामी. मला वाटायचं, कुलपाबद्दल वाईट वाटतं म्हणून ती अशी येऊन बसते.

माझी सुटका करायला विज्ञान आलं. आठवीत आमच्या सारिका मॅडमनी मला प्रदर्शनासाठी निवडलं. प्रदर्शन होतं गिरिजा निवासी कन्या विद्यालयात, घाटाच्या अलीकडे डोंगराला टेकून असलेल्या मोठ्या खासगी शाळेत, आणि वार होता शनिवार. मॅडमनी स्वतः फोन केला तेव्हा कुठे आईने सोडलं, तेही अंधार पडायच्या आत परत यायच्या बोलीवर.

माझ्या प्रयोगाचं काय झालं ते विचारू नका, बल्ब लागलाच नाही. पण जेवणाच्या सुट्टीत मी पाणी शोधत मागे वसतिगृहाकडे गेले आणि तिथेच उभी राहिले. अंगणात मुली न्हाऊन ओले केस उन्हात सोडून बसल्या होत्या. एक दुसरीच्या डोक्याला तेल लावत होती. एकजण तोंडावर पुस्तक उपडं ठेवून ओट्यावर चक्क झोपली होती. शनिवारी! उघड्यावर! कुणाची गाडी आली, कोण आलं, कुणी बघितलं, याची एकीच्याही कपाळावर आठी नव्हती. शनिवार असाही असतो हे मला त्या दिवशी कळलं.

एका मुलीने मला पाणी दिलं आणि खोली दाखवायला नेलं. तिला कपडे बदलायचे होते. तिने दार लावलं आणि आतून कडी सरकवली. बाहेरून कुणीतरी ठकठक केलं. ती आतून ओरडली, “थांब गं!” आणि बाहेरची थांबली.

मला या शाळेत का यायचंय, याचं खरं उत्तर एवढंच. बाहेरची थांबली, म्हणून.

पण हे सांगणार कुणाला? घरी मी प्रयोगशाळेचं सांगितलं, वाचनालयाचं सांगितलं, इंग्रजीचं सांगितलं. मावळ तालुक्यातल्या काही मुलींना नववीपासून तिथे राहणं-जेवण-शिक्षण सगळं फुकट असतं, त्यासाठी लेखी परीक्षा होते आणि मग आई-बापासोबत मुलाखत, हे सारिका मॅडमनी सांगितलं होतं. माझी मैत्रीण रंजना भुशीच्या वरच्या ठाकरवाडीतली. तिची आई धरणावर कणसं भाजून विकते. रंजनाला बातमी कळली तशी ती म्हणाली, “येडी हायेस का गं? तितं भिंत बघितलीस केवडी? एकदा आत गेलीस की दिवाळीपातूर सुटका न्हाई. शनवार-रैवार बी घरी सोडत न्हाईत.”

“तेच तर,” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे, डोकं फिरलंय की काय, अशा नजरेने पाहिलं. रंजनाचा शनिवार रानात, धरणावर, पाहिजे तिथे जायचा. तिला कसं कळावं?

लेखी परीक्षा मी पास झाले. पप्पांनी देव पाण्यात घातले होते, ते बाहेर काढून पेढे वाटले, शेठलाही फोटो पाठवला. मग घरोघरी माझी तयारी सुरू झाली. मुलाखतीत ‘इथेच का यायचं आहे’ हे हमखास विचारतात म्हणे. सारिका मॅडम म्हणाल्या, “सर्वांगीण विकास म्हण.” पप्पा म्हणाले, “शिस्त आवडती म्हनून सांग. मोठ्या लोकांना शिस्त लय आवडती.” रंजना म्हणाली, “तितली आमटी लय ग्वाड आसती म्हन.” मी ‘सर्वांगीण विकास’ पाठ केलं, आरशात बघून म्हटलं, आणि माझं मलाच हसू आलं.

आई मात्र गप्प. विचारलं की एकच शब्द, “बघू.” मुलाखतीची तारीख आली तरी “बघू”. पप्पा समजावून थकले, तरी ती तांदूळ निवडत “बघू” म्हणायची. शेवटी माझा तोल गेला. मी म्हणाले, “तुला कुलपाची चटक लागलीय. मी गेले तर शनिवारी कोंडायला कोण मिळणार तुला?”

आईने मान वर केली नाही. “व्हय, लागलीय,” ती म्हणाली आणि तांदूळ पाखडायला लागली. या बाईला माझं सुख बघवतच नाही, अशी त्या क्षणी माझी खात्री झाली.

मुलाखत सोमवारी होती. त्याच्या आधीच्या शनिवारी बंगल्यात लग्नाआधीची पार्टी करायला आलेले सात-आठ पुरुष होते. बायका नाहीत, पोरं नाहीत. अशा दिवशी आई कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघायची. ऊन कलल्यापासून गाणी चालू होती. पप्पांना आधी सिगारेटी, मग बर्फ, मग पुन्हा बर्फ आणायला पाठवलं. स्कूटर फाटकाबाहेर गेली ती मी ऐकली. मग झरोक्यातून आईचं नेहमीचं ऐकू आलं, “लेकरू तापलंय साहेब, बघून येते.”

“अरे मौसी, हर बार बच्चा बीमार? बैठो ना हमारे साथ.”

“न्हाई साहेब. लय ताप हाय.”

“तो यहीं ले आओ बच्चे को. हमारा ये दोस्त डॉक्टर है.” सगळे हसले. “चलो चलो, देखते हैं.”

मग खडीवर पायांचा आवाज. एकटीचा नाही, पुष्कळांचा. आई सारखी म्हणत होती, “झोपलंय साहेब. आत्ताच झोपलंय.” आवाज माझ्या दाराशी येऊन थांबला. मी पुस्तक खाली ठेवलं. दाराखालच्या फटीतून मला आईच्या टाचा दिसल्या, अनवाणी, दाराला घट्ट टेकलेल्या. त्यांच्यापुढे बुटांचे तीन जोड. कुणीतरी कुलूप उचललं आणि सोडून दिलं. ते दारावर आपटलं.

“ताला लगा के रखा है! बेचारा बच्चा. चाबी दो, मौसी.”

आईने किल्ली दिली नाही. तिच्या टाचा जागच्या हलल्या नाहीत. दोन वितींवरून मी त्या बघत होते.

मी काय केलं ते माझं मलाच नीट सांगता येत नाही. काकाचा बारका आदिनाथ टाकव्याला रात्रभर कसा रडायचा ते मी ऐकलं होतं. मी जमिनीवर आडवी झाले, तोंड फटीशी नेलं आणि भोकाड पसरलं. आधी किरकिर, मग श्वास कोंडून टिपेला, मग उचक्या. लाज नाही वाटली. पोट दुखेपर्यंत रडले.

बाहेरचं हसणं थांबलं. मग एकजण कुरकुरला, “अरे यार, रुला दिया. चल, छोड.” बूट वळले. खडीवरचा आवाज लांब गेला आणि गाणं आणखी मोठं झालं.

आईने कुलूप काढलं, आत आली आणि दार लोटलं. आतून लावायला कडी नव्हतीच. ती दाराला पाठ लावून खाली बसली, पाय समोरच्या गॅसच्या टाकीला रेटून. आता तीच दाराची कडी झाली होती. तिच्या हातांना पीठ तसंच होतं.

“ब्येस रडलीस,” ती म्हणाली.

मला हसू आलं, तिलाही आलं. मग तिचे खांदे गदगदायला लागले आणि ते हसणं नव्हतं हे मला उशिरा कळलं.

इतकी वर्षं मला वाटायचं, मी इथे कोंडलेली आहे आणि ती बाहेर मोकळी आहे. बाहेर काय होतं ते मला त्या फटीतून दिसलं. पाहुण्यांच्या लेखी ती बंगल्याची मौसी होती, कुणीही ‘बस’ म्हणावं अशी. तिथून निघायला तिच्याकडे एकच कारण होतं, ते म्हणजे मी. माझा ताप, माझा गोवर, माझे न येणारे दात. ती मला बघायला यायची नाही, लपायला यायची. माझ्या आईला लपायला माझ्याशिवाय जागा नव्हती, आणि मी तिला ‘चटक लागलीय’ म्हणाले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“दर वेळेला असंच असतं?” मी विचारलं.

“दर येळंला न्हाई. बोलूनच भागतं बहुतेक. बाया-मान्सं असली तर काईच न्हाई.”

“पप्पांना सांग.”

“सांगून? ते शेठला इचारत्याल.”

“मग काम सोडू या.”

“आन कुटं जायचं? टाकव्याला? मागल्या मे महिन्यात तुला काकूकडं ठिवली, तर आठ दिसात तिनं तुज्यासाठी पोरगा काढला. हितं ही तऱ्हा, तितं ती. आई जिऊ घालंना, बाप भीक मागू दीना.” तिने पदराने तोंड पुसलं. बाहेर स्कूटर वाजली. ती उठली, आणि बाहेर जाऊन मला परत कुलूप लावलं. या वेळी मी चिडले नाही. आतून मीच दाराला पाठ लावून बसले.

रविवारी गाड्या गेल्यावर मी सांगून टाकलं, “मला नाही जायचं त्या शाळेत.”

“बघू,” आई म्हणाली.

सोमवारी तिने जत्रेची साडी नेसली, केसांना तेल लावलं आणि मला पुढे घातलं. बंगला मोकळा ठेवायचा नाही हा शेठचा नियम, म्हणून पप्पा फाटकाशीच राहिले आणि तिथूनच ओरडले, “शिस्त म्हन, शिस्त!” मी ठरवलं होतं, मुलाखतीत असं काही वेड्यासारखं बोलायचं की त्यांनीच नको म्हणावं. सुंठीवाचून खोकला जाईल.

तिथे आधी पालकांना वसतिगृह दाखवतात. दाखवायला शकुबाई होत्या, तिथल्या सांभाळणाऱ्या. मुली त्यांना शकुमावशी म्हणतात. इतर आया स्वयंपाकघरात डोकावत होत्या, गाद्या दाबून बघत होत्या. आई खोलीच्या दाराशीच थांबली. तिने आतली कडी सरकवली, काढली, परत सरकवली. दार जोराने ओढून बघितलं.

“लोक न्हाणीघर बघतात, जेवण बघतात,” शकुमावशी हसून म्हणाल्या. “तुम्ही कडी बघताय होय?”

“मजबूत हाय,” आई म्हणाली.

ऑफिसात मोठ्या बाई होत्या, पांढरे केस, चष्मा दोरीला. त्यांनी माझे गुण बघितले, मान डोलावली आणि तो प्रश्न विचारला, “स्नेहल, तुला याच शाळेत का यायचंय?”

“मला नाही यायचं,” मी म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला. “मग परीक्षा कशाला दिलीस?”

“तेव्हा यायचं होतं. आता नाही. आमचा बंगला खूप मोठा आहे. तलाव आहे, हिरवळ आहे. मला तिथेच आवडतं.” बोलताना मी मध्येच अडखळले आणि सगळं सोंग बिघडलं.

बाई आईकडे वळल्या. “तुम्हाला हिला इथे का घालायचंय?”

आई खुर्चीच्या टोकावर बसली होती. शाळेच्या ऑफिसात तिचा आवाज फुटत नाही हे मला माहीत होतं. आठ वर्षांत एकाही पालकसभेत ती बोलली नव्हती. ती म्हणाली, “बाई, आमच्या खोलीला कडी भाइरनं हाय. तुमच्या खोलीला आतनं हाय. म्हनून.”

  मोठ्या बाईंनी चष्मा परत डोळ्यांना लावला आणि अगदी हळू विचारलं, “शनिवार-रविवारी आम्ही मुलींना घरी सोडत नाही. चालेल?”

“त्येच पायजे,” आई म्हणाली.

येताना आम्ही रस्त्याला सहाआसनी रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. मी रडत होते. मी तिला म्हणाले, “आणि तू? तू कुणाचं नाव सांगून येशील?”

“माजं मी बघते.”

“काय बघणार? लेकरूच नसेल तर?”

“लेकरू कुटं जातंय?” ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर नसलेला पदर उगीच सारखा केला. “आईला लेकरू हायेच की.” सगळ्याच आया असं म्हणतात. मी ते तसंच ऐकलं आणि सोडून दिलं.

जूनमध्ये मी इथे आले. पप्पांनी ट्रंक आणून पोचवली, मोठ्या बाईंना दोनदा सलाम केला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “कडीचं इचारतो शेठला. औंदा इचारतोच.” मी हो म्हणाले. तोवर मला पप्पांची कीव यायला लागली होती.

पहिल्या शनिवारी ऊन नव्हतं, पण मी न्हाले. केस सोडून ओट्यावर बसले. एका मुलीने तेल लावून दिलं. दुपारी खोलीत जाऊन मी आतून कडी लावली, काढली, परत लावली. खोलीतल्या मुली हसायला लागल्या. मी पण हसले. किती महिने ज्यासाठी झुरले तो शनिवार माझ्या हातात होता आणि मला तो पुरवून पुरवून खावासा वाटत होता.

ऊन कलण्याची वेळ झाली आणि माझं चित्त उडालं. हात पुस्तकावर आणि कान बाहेर. इथे गाणी नव्हती, गाड्या नव्हत्या, तरी मी काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत होते. आता ग्लास भरले असतील. आता पप्पांना पाठवलं असेल. शनिवारी संध्याकाळी शकुमावशींच्या फोनवरून घरी बोलू देतात. त्या पॅसेजच्या टोकाला स्टुलावर बसतात आणि मुली रांग लावतात. मी रांगेत धडपडत पुढे गेले.

आईने फोन उचलला. मागे स्पीकर दणाणत होता.

“आई, मी.”

“हां ताई, बोला.”

मला वाटलं, आवाज ओळखला नाही. “आई, मी स्नेहल बोलतेय.”

“व्हय, व्हय. उठलं का? रडतंय?” ती मोठ्याने बोलत होती, कुणाला तरी ऐकवायला बोलावं तसं. “लय रडतंय?”

मागून पुरुषाचा आवाज आला, “मौसी, फोन रखो, इधर आओ ना.”

तेव्हा मला कळलं. आमच्या मोकळ्या खोलीला आईने कुलूप लावलं होतं. आत कुणी नव्हतं. पुस्तक नव्हतं, तांब्या नव्हता, मी नव्हते. तरी दर शनिवारी ती कुलूप लावणार होती, ते दोनदा ओढून बघणार होती आणि लेकराला ताप आणणार होती. लेकरू कुठे जातंय, असं ती म्हणाली होती ते खरंच तसंच म्हणाली होती. आणि आज तिने मला शेजारीण केलं होतं.

मी पॅसेजभर ऐकू जाईल अशी ओरडले, फोनमधून त्या माणसाला ऐकू जावं म्हणून. “व्हय ताई! लय रडतंय! आंग नुस्तं भाजतंय! आत्ताच्या आत्ता या!”

“आले गं बाई, आले. साहेब, जाते मी. लेकरू तापलंय.”

तिने फोन बंद केला नाही. मी खडीवर तिची पावलं ऐकली, भराभर. एकटीचीच होती. मग किल्ली. मग दार उघडल्याचा आवाज, दार लोटल्याचा आवाज. मी पुढचा आवाज ऐकायला थांबले, आणि तो आला नाही. दाराला आतून कडी नव्हती.

“बसले गं,” आई हळू म्हणाली. तिला धाप लागली होती. “जेवलीस का?”

 मागे रांगेत कुरबुर सुरू झाली, किती वेळ, किती वेळ. शकुमावशींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. “कुणाचं लेकरू रडतंय गं एवढं?”

“माझ्या आईचं,” मी म्हणाले.

 त्या रांगेकडे वळून म्हणाल्या, “थांबा गं जरा.” आणि मुली थांबल्या. मी फोन कानाला धरून पॅसेजच्या दाराला पाठ लावून खाली बसले. तिकडे पप्पांची स्कूटर वाजेपर्यंत आम्ही दोघी काही न बोलता तशाच बसून राहिलो.